आधी वही, मग लक्ष्मी

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या मोबाइलवर दोन तऱ्हेची नोटिफिकेशन्स येऊन पडत होती. पहिली, २३ तारखेला सुरू झालेल्या ऑनलाइन सेलची. 'फक्त काही तास', 'शेवटचे तीन नग', 'आत्ता घ्या, पैसे नंतर द्या'. दुसरी, गावाकडच्या ग्रुपवरची. सोयाबीनच्या वावरात गुडघाभर पाणी, काळी पडलेली कपाशीची बोंडं, जायकवाडीतून गोदावरीत सुटलेला लाखो क्युसेकचा विसर्ग, नदीकाठची माणसं हलवतानाचे व्हिडिओ. एकाच स्क्रीनवर, एकाखाली एक.

यंदाची दिवाळी या दोन नोटिफिकेशन्सच्या मधोमध आलीये. शुक्रवारी, १७ ऑक्टोबरला वसुबारस. मंगळवारी २१ला लक्ष्मीपूजन, २२ला पाडवा, २३ला भाऊबीज. गुलमंडी, पैठण गेट, निराला बाजार, कॅनॉट, सगळीकडे लायटिंग लागलंय. आणि तुम्ही खिशात हात घालून हिशोब करताय: गावी जायचं भाडं, बहिणीला काय न्यायचं, ग्रुपचं कॉन्ट्री, आणि तो कार्टमध्ये पडलेला मोबाइल.

पैसे वाचवण्यावर दर दिवाळीला सल्ले दिले जातात. 'चहा सोडा, वडापाव सोडा, करोडपती व्हा' या छापाचे. आम्ही ते देणार नाही. टपरीवरचा चहा सोडून कुणाचं घर उभं राहिल्याचं ऐकिवात नाही, आणि चहासोबत मिळणारी मित्रांची सोबत स्वस्तच म्हणायची. प्रश्न मोठ्या आणि लपलेल्या खर्चांचा आहे. त्यातही उधारीचा.

या शहरातल्या कॉलेजांची गोष्ट जरा वेगळी आहे. देवगिरी, सरस्वती भुवन, मिलिंद, मौलाना आझाद, शासकीय अभियांत्रिकी, नाहीतर थेट विद्यापीठाचं कॅम्पस, कुठल्याही वर्गात बघा. अनेक बाकांवर वैजापूर, गंगापूर, पैठण, अंबड, गेवराई, परंडा इथून आलेली मुलं-मुली दिसतील. त्यांच्या खोलीचं भाडं आणि मेसचं बिल शेवटी त्या वावरातूनच येतं. राज्य सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. पण पॅकेज जाहीर होणं आणि बाबांच्या खात्यात पैसे पडणं यात किती दिवस जातात, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. पण भिजलेल्या, डागी मालाला हमीभावाने कोण घेतं?

म्हणजे घरी पैसा येईल तो उशिरा येईल आणि कमी येईल. अशा वर्षी तुम्ही शहरात बसून काय खर्च करता, याचा भार तिकडे पडतो. आमचं म्हणणं साधं आहे. दिवाळी करा, आनंदाने करा. पण या दिवाळीत उधारीवर काहीही घेऊ नका.

लक्ष्मीपूजनाला वही का असते?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जुन्या मोंढ्यात किंवा गुलमंडीवरच्या एखाद्या जुन्या पेढीवर डोकावून बघा. पाटावर लक्ष्मीची तसबीर असते, आणि तिच्यासमोर असते वही. रोजमेळ, खतावणी. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, 'शुभ' आणि 'लाभ'. पाडव्याला त्या वहीत नव्या वर्षाचा पहिला जमाखर्च मांडला जातो. आता दुकानात कॉम्प्युटर आलाय, तर काही जण कीबोर्डला हळद-कुंकू वाहतात. पद्धत तीच.

पैशाच्या या सणात पूजा नुसत्या नोटांची होत नाही, हिशोबाचीही होते. व्यापाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट कळलेली आहे. पैसा किती येतो यापेक्षा तो कुठे जातो हे माहीत असणं महत्त्वाचं.

तुमच्याकडे ती वही आहे का? यूपीआयची हिस्टरी म्हणजे वही नव्हे. तिथे वीस, चाळीस, साठचे आकडे एकापाठोपाठ पडलेले असतात, कशाचे ते दोन दिवसांनी आठवत नाही. शिवाय खिशातून नोट काढताना हाताला जे जाणवतं, ते कोड स्कॅन करताना जाणवत नाही.

तेव्हा दिवाळीची सुरुवात एका वहीने करा. २२ सप्टेंबरपासून विद्यार्थ्यांच्या वह्यांवरचा जीएसटीही शून्य झालाय, तेवढं निमित्त पुरे! एका पानावर लिहा: आज हातात किती आहेत, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत घरून किती येणार, त्यातले न टळणारे खर्च कुठले. खोलीभाडं, मेसचा ॲडव्हान्स, परीक्षेचा फॉर्म. हे वजा करून जे उरेल ती तुमची दिवाळी.

समजा, ३,००० रुपये उरले. जाण्या-येण्याचे ६००. घरच्यांसाठी, भाऊबीजेसाठी ८००. स्वतःच्या कपड्यांना ९००. मित्रांसोबत २००. आणि परत आल्यावरच्या पहिल्या आठवड्यासाठी ५००. हे शेवटचे पाचशे सगळ्यात आधी बाजूला काढायचे, उरले तर बघू असं म्हणायचं नाही. एवढं एकदा लिहिलं की दुकानात उभं राहिल्यावर 'घेऊ का नको' हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो.

सूट म्हणजे बचत नव्हे

दोन हजारांचा शर्ट नऊशेला मिळाला, म्हणजे अकराशे वाचले. असं आपण एकमेकांना अभिमानाने सांगतो. वाचलेले अकराशे दाखवा म्हटलं तर ते कुणालाच दाखवता येत नाहीत. खिशातून नऊशे गेलेत, एवढंच खरं. शर्ट हवाच होता तर सौदा चांगला. नको होता तर नऊशेचं नुकसान.

एमआरपी म्हणजे त्याहून जास्त घ्यायचे नाहीत, अशी कमाल किंमत. त्या किमतीला ती वस्तू कधी विकली गेली होती, असा तिचा अर्थ होत नाही. म्हणून '६० टक्के सूट' या पाटीकडे बघू नका, हातातून जाणाऱ्या रकमेकडे बघा. तीच वस्तू पैठण गेटला कितीला आहे, औरंगपुऱ्यात कितीला आहे, एवढं विचारून या. घासाघीस करायला लाजू नका, आपल्या आया-मावश्यांनी त्यावरच संसार केलेत.

ॲपवर तर घाई लावण्याचं तंत्रच असतं. उलटं चालणारं घड्याळ, 'आत्ता २७ जण ही वस्तू बघताहेत', कार्टमध्ये गुपचूप शिरलेलं वॉरंटीचं पॅकेज, शेवटच्या पानावर अचानक वाढलेली 'हँडलिंग फी'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांच्यावर बंदी घातली. त्यात खोटी घाई लावणं आहे, न मागता कार्टमध्ये वस्तू टाकणं आहे, आणि 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असलं बटण देऊन लाजवणंही आहे. असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. फोन फुकट आहे.

यंदा आणखी एक गैरसमज जोरात आहे: 'जीएसटी कमी झाला, सगळं स्वस्त झालं.' सगळं नाही. अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर आणि चपला-बुटांवर आता ५ टक्के कर आहे. पण हजाराच्या आतल्या कपड्यांवर तो आधीही ५ टक्केच होता. अडीच हजारांच्या वरच्या कपड्यावर तर तो १२ वरून १८ टक्के झालाय. मोबाइलवर पूर्वी १८ टक्के होता, आजही १८ टक्केच आहे. तेव्हा 'जीएसटी ऑफर'च्या नावाखाली कुणी मोबाइल गळ्यात मारत असेल, तर कर नेमका कुठे कमी झाला, हे शांतपणे विचारा.

साधा उपाय सांगतो. कार्टमध्ये टाका आणि तीन दिवस हात लावू नका. भारतात मोठ्या ऑनलाइन सेलची लाट आली ती ऑक्टोबर २०१४ मधल्या फ्लिपकार्टच्या 'बिग बिलियन डे'पासून. तेव्हापासून दरवर्षी 'शेवटची संधी' येते आणि दरवर्षी ती पुन्हा येते. दसऱ्याचा सेल संपला की दिवाळीचा, मग नववर्षाचा, मग प्रजासत्ताक दिनाचा. संधी कुठे पळून जात नाही, पळतात ते पैसे.

'नो कॉस्ट'ची कॉस्ट

आता मुद्द्याचं बोलू. रोख पैसे नसले की आधी हात आखडायचा. आता तसं होत नाही. 'नो कॉस्ट ईएमआय', 'पे लेटर', पाच मिनिटांत कर्ज. कार्ड नसेल तर मित्राच्या दादाचं असतं.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना लेखी बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. व्याज कुठेतरी असतंच, फक्त ते दुसऱ्या नावाने लपवलेलं असतं.

कसं, ते एका कल्पित उदाहरणाने बघू. मोबाइलची किंमत १८,००० रुपये. एकरकमी पैसे दिले तर दीड हजार सूट, म्हणजे १६,५०० ला. ईएमआयवर घेतला तर सूट नाही. तीन हजारांचे सहा हप्ते, वर १९९ रुपये प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण २३५ रुपये. एकूण झाले १८,२३५. जास्तीचे गेले १,७३५. तुम्हाला प्रत्यक्षात कर्ज मिळालं ते साडेसोळा हजारांचं, तेही दर महिन्याला कमी होत जाणारं. हिशोब मांडला तर हे व्याज वर्षाला सुमारे ३५ टक्क्यांवर जातं. आणि नाव काय? नो कॉस्ट! प्रत्येक दुकानात हाच आकडा निघेल असं नाही. पण 'एकरकमी दिले तर कितीला द्याल?' हा एक प्रश्न विचारलात की खरी किंमत बाहेर येते.

क्रेडिट कार्डाची 'मिनिमम ड्यू' रक्कम हा त्याहून वाईट सापळा. महिन्याला साडेतीन टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, वर्षाचे ते ४२ टक्के होतात. गावचा सावकार याहून काय वेगळं करत होता?

'पे लेटर'चं सातशे रुपयांचं बिल थकलं तरी ते कर्जच थकलेलं असतं. त्याची नोंद क्रेडिट ब्युरोकडे जाऊ शकते. ३०० ते ९०० च्या मापात मोजला जाणारा तुमचा स्कोअर अशा नोंदींवरून ठरतो. उद्या नोकरी लागल्यावर बाइकसाठी, पुढच्या शिक्षणासाठी बँकेत गेलात की तो समोर येतो. सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो एकदा काढून बघा. काही जणांना आपल्या नावावर कर्ज आहे हे तिथेच पहिल्यांदा कळतं.

अगदीच वेळ आली आणि ॲपवरून कर्ज घ्यावंच लागलं, तर दोन गोष्टी तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्याने आधी एक माहितीपत्रक द्यायला हवं. त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा एकूण दर छापलेला असतो. तो दर वाचा. आणि अशा ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स, फोटो बघण्याची परवानगी मागता येत नाही. मागत असेल तर ॲप लगेच काढून टाका. हप्ता चुकल्यावर याच कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या मामा-काकांना फोन जातात. कर्ज हजारांचं असतं, बदनामी सगळ्या गावात होते.

मित्राच्या दादाच्या कार्डावर घेत असाल, तर जोखमीत दोन नाती आहेत हे लक्षात ठेवा. घरी पीककर्ज थकलेलं असताना इकडे मोबाइलचा हप्ता सुरू करायचा, हे जमाखर्चात कुठल्या बाजूला लिहिणार?

गावी जाताना

दिवाळीत विद्यार्थ्यांचा मोठा खर्च असतो तो प्रवासाचा, आणि वाचवायला सगळ्यात जास्त वावही तिथेच आहे. सहसा दिवाळीत एसटीचं भाडं १० टक्क्यांनी वाढतं, ती हंगामी भाडेवाढ यंदा पूरस्थितीमुळे रद्द झालीये. मुलींना आणि महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहेच. म्हणजे यंदा लाल परीसारखं स्वस्त काही नाही.

ट्रॅव्हल्सने जाणार असाल तर एक नियम माहीत असू द्या. राज्य सरकारच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयानुसार, खासगी बसला त्याच प्रकारच्या एसटी बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. दुप्पट-तिप्पट मागितलं तर तिकिटाचा फोटो काढा आणि आरटीओकडे तक्रार करा. एकट्याने तक्रार करायची भीती वाटते, पण दहा जणांनी मिळून केली तर दखल घ्यावी लागते.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. यंदाची वेळ गेली, पुढच्या दिवाळीसाठी मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. परतीचंही आत्ताच ठरवा. भाऊबीजेनंतरचा रविवार, २६ तारीख, हा सगळ्यात गर्दीचा दिवस असणार. एक दिवस अलीकडे-पलीकडे केलात तर गर्दीही कमी आणि भाडंही.

निघण्याआधी मेसवाल्या काकूंना सांगा. बहुतेक मेसमध्ये आधी सांगितलं आणि सलग काही दिवस नसलात, तरच खाडे धरतात. आठ-दहा दिवसांचे खाडे म्हणजे चांगली रक्कम होते. न सांगता गावी गेलात तर न जेवलेल्या जेवणाचे पैसे भरावे लागतात, आणि मग काकूंशी भांडून उपयोग नसतो. खोलीतला फ्रिज, हीटर, चार्जर बंद करून निघा. वीजबिल वेगळं भरत असाल तर फरक तुम्हालाच दिसेल.

'जमणार नाही' म्हणायची लाज

हे सगळं गणित बरोबर असूनही बिघडतं ते एका वाक्याने. 'चल ना यार, तूच एकटा नाही म्हणतोयस.'

ग्रुपने गोव्याचा प्लॅन केलेला असतो. किंवा सगळ्यांनी एकसारखे कुर्ते शिवायचे ठरवलेले असतात. किंवा एका वाढदिवसाचं कॉन्ट्री, माणशी पाचशे. आपल्याकडे नसतात. पण तसं सांगायची लाज वाटते, मग उसने घेतो, घरी 'प्रोजेक्टचा खर्च आहे' सांगतो, नाहीतर ॲप उघडतो. विद्यार्थ्यांची किती तरी कर्जं अशी लाजेपोटी होतात.

तुमच्या ग्रुपमध्ये असं कुणीतरी आहेच. कदाचित ते तुम्ही आहात. कदाचित तुमच्या शेजारच्या बाकावरचा मित्र आहे. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या घरात पाणी शिरलं होतं आणि त्याने ते कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून ज्यांच्याकडे थोडं बरं आहे त्यांनीच पहिल्यांदा म्हणायला हवं, 'यार, यंदा स्वस्तात करू.' ज्याच्याकडे नाही त्याला हे म्हणणं जड जातं, ज्याच्याकडे आहे त्याला सोपं असतं. एवढी मैत्री तर निभावता येईल.

स्वस्तात म्हणजे काय? वेरूळ आपल्यापासून तीसेक किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. लेण्यांचं तिकीट ४० रुपये. जगभरातून लोक लाखो रुपये खर्चून जे कैलास लेणं बघायला येतात, ते आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीनंतर पाहिलेलंच नाही. डबे घेऊन जा, दिवसभर बसा. फक्त वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, आणि यंदा लक्ष्मीपूजन मंगळवारीच आहे, तेवढं बघून ठरवा.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे

बचत करायची म्हणून चुकीच्या ठिकाणी हात आखडू नका. रस्त्याकडेला पणत्या घेऊन बसलेल्या आजींशी डझनामागे दहा रुपयांसाठी हुज्जत घालायची, आणि रात्री ॲपला चाळीस रुपये डिलिव्हरी फी मुकाट्याने द्यायची, याला काटकसर म्हणत नाहीत. पैसे मोजकेच असतील तर ते जिथे माणसाला लागतात तिथे जाऊ द्या. बचतगटाच्या ताईंचा फराळ घ्या. बहिणीला मोबाइलचं कव्हर देण्यापेक्षा तिच्या पुढच्या सेमिस्टरचं पुस्तक द्या. आईला काय हवंय, हे एकदा तरी तिलाच विचारा. बहुतेकदा ते तुमच्या बजेटपेक्षा स्वस्त असतं.

सुटीत कमवताही येतं. सीझनला कपड्यांची, मिठाईची, भेटवस्तूंची दुकानं जादा मुलं घेतात. काम धरण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट विचारा: रोज किती, तास किती, पैसे कधी. 'नंतर बघू' म्हणणाऱ्याकडे राबू नका. सुटीनंतरही काम हवं असेल तर विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे, तिची चौकशी करा.

आणि हा सगळा प्रश्न एकट्या दिवाळीचाही नाही. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात सिटी चौक-शहागंजच्या गर्दीत उभं राहिलेल्या मुलासमोर हाच हिशोब असतो. सण कुणाचाही असो, त्याच्या पुढचा महिना सगळ्यांना सारखाच येतो.

उरलेले कुठे ठेवायचे?

दोनशे-चारशे उरले तर हसू नका. पोस्टात १०० रुपयांपासून आवर्ती ठेव काढता येते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिचा दर ६.७ टक्के आहे. या दराने महिन्याला ५०० टाकले तर पाच वर्षांत ३०,००० भरून सुमारे ३५,७०० होतात. श्रीमंती नाही येणार. पण शिक्षण संपून नोकरी शोधायच्या काळात दोन-तीन महिने कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, आणि त्या दिवसांत तीच मोठी गोष्ट असते.

जास्त व्याजाच्या मागे मात्र धावू नका. हे मराठवाड्याला वेगळं सांगायची गरज नाही. २०२३ मध्ये आपल्याच शहरात आदर्श नागरी पतसंस्थेचा सुमारे २०० कोटींचा घोटाळा उघड झाला आणि ठेवीदार रस्त्यावर उतरले. पाठोपाठ बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये हजारो कुटुंबांचे पैसे अडकले. मुलीच्या लग्नाचे, मुलाच्या फीचे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या किंवा मल्टिस्टेटमधल्या ठेवीला तो नसतो. घरचे कुठे पैसे ठेवणार असतील तर हा एक फरक तुम्ही त्यांना सांगा. कॉलेजात शिकून घरी एवढी माहिती नेलीत, तरी ती भाऊबीजेची ओवाळणीच समजा.

हॉस्टेलवर मैत्रिणींची भिशी असेल तर हरकत नाही. पण ओळखीच्यांत, छोट्या रकमेची आणि लिहून ठेवलेली. 'दुप्पट करून देतो' म्हणणारी भिशी ही भिशी नसते.

सुटी संपल्यावर

खरी परीक्षा दिवाळीत नसते, सुटी संपवून खोलीचं कुलूप उघडता तेव्हा असते. फराळाचा डबा चार दिवस पुरतो. मग मेसचा ॲडव्हान्स, भाडं, परीक्षेचा फॉर्म, झेरॉक्स. त्या आठवड्यात ज्याच्याकडे पाचशे रुपये शिल्लक असतात, तो निवांत अभ्यासाला बसतो. ज्याच्याकडे पहिल्या हप्त्याचा मेसेज असतो, तो फोन सायलेंटवर टाकून बसतो.

आल्या आल्या एक काम करा. अतिवृष्टीग्रस्त भागासाठी सरकारने ज्या सवलती लागू केल्यात, त्यांत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही आहे. तुमचा तालुका यादीत आहे का, कागद कुठले लागतात, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारा. कुणी स्वतःहून घरी आणून देणार नाही. हक्काचे पैसे मागण्यात कमीपणा नसतो, आणि न मागितलेली सवलतही खर्चाच्याच बाजूला पडते.

येत्या मंगळवारी घरी लक्ष्मीपूजन होईल. यंदा ताटात कदाचित एक मिठाई कमी असेल, दारात फटाके कमी असतील. बाबा काही बोलणार नाहीत. त्यांच्याशेजारी बसा आणि तुमची वही उघडून दाखवा: दिवाळीला एवढे आले, एवढे गेले, एवढे उरलेत, आणि कुणाचं देणं नाही. मग त्यांनाही विचारा, 'बाबा, आपल्या घरचा हिशोब काय आहे यंदा?' हा प्रश्न अनेक घरांत पोरांनी कधी विचारलेलाच नसतो. तो विचारायला एक रुपयाही लागत नाही.

दिवाळीच्या शुभेच्छा. जपून जा, एसटीने जा.